दहातून तीनदा

माणूस डोंगरावर यायच्या आधीची गोष्ट. एका उतारावरच्या बिळात मुंगसीण चार पिल्लांसह राहायची. एकदा पावसाची झड लागली, तेव्हा म्हाताऱ्या खवले मांजराने माती हुंगली.

"अशी माती दहादा भिजली, तर तीनदा दरड कोसळते."

"आज कोसळेल का, आजोबा? नक्की सांगा."

"नक्की कळेल, तेव्हा पळायला वेळ उरणार नाही."

मुंगसिणीने घाबरून एकेक पिल्लू पलीकडच्या कातळावर नेलं. दरड कोसळली नाही.

"उगाच धावलीस गं," ती पिल्लांसह बिळात परतल्यावर शेजारची साळिंदरबाई हसली.

आठवड्याने आजोबांनी पुन्हा तेच सांगितलं. साळिंदरबाई बिळातच राहिली. मुंगसिणीने मात्र पहिलं पिल्लू तोंडात धरलं.

चौथं पिल्लू कातळावर ठेवून ती वळली, तेव्हा अख्खा उतार घसरत होता. साळिंदरबाईला मारलेली तिची हाक त्या आवाजात बुडून गेली.