उतरू का?

एका घाटाच्या पायथ्याशी एक गाव होतं आणि त्या गावात स्कूटर दुरुस्त करणारा एक मिस्त्री राहत होता. बाजार वरच्या गावात, डॉक्टर वरच्या गावात, आणि मध्ये सात वळणांचा घाट. म्हणून खालच्या गावात बहुतेकांच्या दारात एक छोटी स्कूटर असे, आणि वर्षातून एकदा तरी ती मिस्त्रीच्या पत्र्याच्या शेडखाली येई.

मिस्त्रीची एक रीत होती. प्लग साफ झाला, कार्बोरेटर धुऊन बसवला, स्क्रू पाव-अर्धा फेरा इकडेतिकडे फिरवून इंजिनाचा आवाज मनासारखा लागला, की तो हात पुसत घराकडे वळून हाक मारी, "अगं, चल." बायको हातातलं काम ठेवून येई. मागच्या सीटवर स्वतः शिवलेली लहानशी चौकोनी गोधडी घाली, तिच्यावर एका बाजूला पाय सोडून बसे, आणि दोघं घाट चढू लागत.

पहिली दोन वळणं सोपी होती. तिसरं मात्र असं उभं होतं, की जरा कसर राहिलेली गाडी तिथे धापा टाकू लागे. मग मागून बायको विचारी, "उतरू का?"

तेवढंच. तिला इंजिनातलं काही कळत नव्हतं. पण तिने विचारलं, की मिस्त्री गाडी वळवून खाली आणी आणि पुन्हा पाना हातात घेई. ज्या फेरीत ती काही न विचारता तिसरं वळण पार करी, त्या फेरीनंतरच गाडी मालकाच्या ताब्यात जाई.

लोक थट्टा करत. "काय मिस्त्री, गाडी आमची आणि फिरायला नेता वहिनींना!"

मिस्त्री म्हणे, "मग काय, तुम्हाला नेऊ?"

अशी बरीच वर्षं गेली. मग एका हिवाळ्यात बायको आजारी पडली, आणि गेली.

तेरावं झाल्यावर मिस्त्रीने शेड उघडली. गोधडी झटकली, घडी घातली आणि डब्यांच्या वरच्या फळीवर ठेवून दिली. मग तो कामाला लागला. पूर्वीपेक्षा जास्तच.

आता दुरुस्त झालेली गाडी तो एकटाच घाटात नेई. रिकामी गाडी हलकी चाले. वारा कानांत भरला की दुसरं काही ऐकू येत नसे, आणि त्याला तेच बरं वाटे. हळूहळू तो गाड्या अधिक पळतील अशा करू लागला. हवा थोडी वाढवायची, पेट्रोल थोडं कमी करायचं, सायलेन्सरच्या आतली जाळी काढून टाकायची. गाडी मूठ पिळताच सुसाट सुटे. गावातली तरुण पोरं खूश झाली. "मिस्त्री, गाडी चालत नाही हो आता, उडते!" मिस्त्रीला ते ऐकून बरं वाटे.

त्या गावात एक शिंपी होता. त्याच्या म्हाताऱ्या आईच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं होतं. पुढचे सहा गुरुवार तिला वर जाऊन डॉक्टरांना डोळा दाखवायचा होता. एकही गुरुवार चुकवायचा नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. आता डोळा बिघडला, तर नंतर इलाज चालणार नव्हता. एसटी लांबून वळसा घालून पोचे तोवर डॉक्टर निघून गेलेले असत. म्हणून शिंप्याने आपली जुनी स्कूटर मिस्त्रीच्या हवाली केली.

मिस्त्रीने ती मनापासून दुरुस्त केली, एकट्याने घाटात पळवली आणि परत दिली.

पहिला गुरुवार उलटला. शुक्रवारी सकाळी शिंपी आणि त्याची आई शेडखाली हजर. आईच्या डोळ्यांवर काळा चष्मा, हातात छत्री.

"गाडी फार छान केलीस हो," म्हातारी म्हणाली. "अगदी झकास पळते. मी उतरले की."

मिस्त्री ओशाळला, पण मान्य करीना. "काकी, गाडीत दोष नाही. तुमचा मुलगा गिअर उशिरा बदलतो."

"बारा वर्षं हीच गाडी चालवतोय मी," शिंपी म्हणाला. "तिसऱ्या वळणावर पार बसली. आईला उतरून भर उन्हात चालावं लागलं."

"मग काकींचं वजन वाढलं असेल."

"माझं?" म्हातारी म्हणाली. "दात पडले, केस गेले. वाढलं कुठून रे?"

मिस्त्रीला राग आला. त्याने गाडीला किक मारली आणि एकटाच घाटाकडे निघाला. शिंप्याने चहाचा कप संपवायच्या आत तो परत आला. "सातही वळणं चढून आलो. एकदाही अडखळली नाही. आता बोला!"

म्हातारी छत्रीच्या आधाराने उठली. "जाऊ दे. मी पुढच्या गुरुवारपासून जातच नाही कशी. तो चढ चालताना छाती भरून येते, आणि याला गाडी ढकलताना मला बघवत नाही. उरेल त्या एका डोळ्यावर भागवीन."

शेडच्या बाहेर पडता पडता ती थांबली. "एक विचारू? पूर्वीही ही गाडी तुझ्याकडेच यायची. तेव्हा मी कधी उतरले नाही. तेव्हा तुझी बायको होती. ती काय करायची रे या गाड्यांना?"

"ती काय करणार?" मिस्त्री म्हणाला. "ती नुसती मागे बसायची."

हातातला पाना त्याने पेटीवर ठेवला. त्याची नजर त्या स्कूटरच्या मागच्या रिकाम्या सीटवर गेली.

आता दोन वाटा होत्या. गाडी रिकामी पळते हे त्याने दाखवून दिलं होतं. तेवढ्यावर अडून बसला असता तर गावात त्याला कोणी खोटं म्हटलं नसतं. पण तो म्हणाला, "काकी, बसा. चूक माझी आहे. गाडी मी एकट्यासाठी केली."

त्याने सायलेन्सर उतरवून जाळी पुन्हा बसवली. कार्बोरेटर उघडला, पेट्रोल वाढवलं, हवा कमी केली. मग फळीवरून गोधडी काढली, झटकली आणि मागच्या सीटवर घातली.

"काकी, येता का तिसऱ्या वळणापर्यंत?"

"मी? मला यातलं काय कळतं?"

"तिलाही कळत नव्हतं."

शिंपी शेडखाली स्टुलावर बसून राहिला आणि ते दोघं निघाले. पहिलं वळण गेलं, दुसरं गेलं. तिसऱ्याच्या तोंडाशी इंजिन गुरगुरलं आणि मागून आवाज आला, "उतरू का रे?"

मिस्त्रीच्या मुठी हँडलवर घट्ट झाल्या. मग तो म्हणाला, "नको. आपण दोघंही खाली जाऊ."

खाली येऊन त्याने स्क्रू आणखी पाव फेरा फिरवला. पुन्हा निघाले. या खेपेला गाडी वळणाच्या मध्यापर्यंत चढली. "आता उतरू?" म्हातारीने विचारलं. पुन्हा खाली. शिंप्याने कपाळाला हात लावला. मिस्त्रीने प्लग काढून त्याची फट नीट केली, क्लचची तार थोडी ओढून घेतली.

तिसऱ्या खेपेला म्हातारी सरावली होती. ती गोष्टी सांगू लागली. "लग्न होऊन आले तेव्हा हा घाट मी बैलगाडीतून उतरले बरं का. पदर असा पुढे ओढलेला, की घाट दिसलाच नाही. नुसती हेलकाव्यांवरून वळणं मोजली. लोक म्हणाले होते सात, माझी झाली नऊ! सासूबाईंना सांगितलं, तर म्हणाल्या, सुनेला मोजता येत नाही..." हसता हसता तिला ठसका लागला. मग आठवण होऊन ती म्हणाली, "अरे, तिसरं वळण आलं की सांग हो. सावरून बसते."

"काकी," मिस्त्री म्हणाला, "तिसरं मागे गेलं. हे पाचवं."

त्या दिवसापासून मिस्त्रीने जुनी रीत नव्याने सुरू केली. गाडी न्यायला यायचं, तर मागे बसणारं माणूस बरोबर आणायचं. कोणी बायकोला आणी, कोणी बापाला, दूधवाला भरलेल्या किटल्या आणी. एक तरुण म्हणाला, "मिस्त्री, मी एकटाच असतो. माझ्या मागे कोण बसणार?"

"आज ना उद्या कोणीतरी बसेल," मिस्त्री म्हणाला. "तोवर मी बसतो." आणि खरंच गोधडी घालून त्याच्या मागे बसला. तिसऱ्या वळणावर "उतरू का?" असंही त्याने विचारलं.

गाड्या आता उडत नव्हत्या. पण घाटात कोणाला उतरून चालावं लागत नव्हतं.

शिंप्याच्या आईचे सहाही गुरुवार पार पडले. शेवटच्या गुरुवारी परतताना तिने स्कूटर शेडपाशी थांबवायला लावली. डोळ्यांवरचा काळा चष्मा गेला होता. दर गुरुवारी सीटवर घालायला ती गोधडी मागून नेई, ती परत द्यायला ती आली होती. देता देता तिने ती उन्हात धरली आणि जवळून पाहिली.

"किती बारीक टाके आहेत रे हिचे," ती म्हणाली. "पाच गुरुवार वर बसले, आज दिसले."

मिस्त्री हात पुसत जवळ आला. त्यानेही पाहिलं.

"हो," तो म्हणाला. "हात बारीक होता तिचा."

मग त्याने गोधडी घेतली आणि फळीवर न ठेवता, दाराशी उभ्या असलेल्या पुढच्या स्कूटरच्या मागच्या सीटवर घातली.

तात्पर्य एवढंच: गाडी किती पळते हे चालवणाऱ्याला कळतं, ती चांगली चालते का, हे मागे बसलेल्याला विचारावं.