सोनवडाचे वाटेकरी

एका राज्यात भद्रसेन नावाचा राजा होता. त्या राज्याच्या मधोमध बारमाही फळणारा एक सोनवड उभा होता आणि अवघं रान त्याच्या गोड फळांवर जगत होतं. राजाला ते सलू लागलं. त्याने करालक मांत्रिकाकडून वडाभोवती तांब्याची जाळी घालून घेतली, पाखरं-जनावरं हुसकली आणि फळ तोंडात टाकलं. तत्क्षणी त्याची पावलं लाकडाची झाली.

करालक म्हणाला, "महाराज, ही जाळीची किंमत. एकमेकांचे वैरी असलेले तीन भुकेले जीव या झाडाशी रक्त न सांडता जेवले, तरच शाप सुटेल. तिसऱ्या दिवशी चांदणी दिसेपर्यंत मुदत. पुढे लाकूड काळजात शिरेल."

राजकन्या इरावती एकटी निघाली.

पहिल्या दिवशी तिला कड्यावर धनेश पक्षी भेटला. "माझी मादी पिलांसह ढोलीत कोंडून बसली आहे," तो म्हणाला. "मला सबंध झाड हवं."

"तू खातोस कुठे?"

"शेंड्यावर. दाट फांद्यांत माझे पंख अडकतात."

दुसऱ्या दिवशी गुहेत वटवाघळांची राणी भेटली. "धनेश दिसला तर त्याचं नरडं फोडीन."

"तू बाहेर केव्हा पडतेस?"

"दिवस बुडाल्यावर. उन्हाने माझे डोळे जळतात."

तिसऱ्या दिवशी चिखलात रानडुक्कर सुळे घाशीत उभा होता. "दोघांनाही फाडीन!"

"तुला झाडावर चढता येतं?"

डुकराने सुळे घासणं थांबवलं. "पडेल ते खातो," तो पुटपुटला.

तिघांना बोलावणं देऊन इरावती परतली, तेव्हा लाकूड राजाच्या छातीशी आलं होतं. जाळी फक्त त्याच्या शब्दाने उघडणार होती.

"आबासाहेब, हुकूम द्या."

"मग मला काय उरेल?"

"ठाऊक नाही. पण तुम्ही उराल."

राजाने काट्यांनी रक्ताळलेल्या तिच्या पावलांकडे पाहिलं. "उघड," तो कसाबसा म्हणाला. जाळी वितळून गेली.

धनेश शेंड्यावर उतरला. सूर्य बुडाला तरी त्याची चोच थांबेना. इतक्यात वटवाघळीण आली. तिने दात विचकले, धनेशाने चोच उगारली, खाली डुकराने माती उकरली. इरावती बुंध्याला बिलगून ओरडली, "धनेशा, तुझी पिलं उपाशी आहेत! तुझी वेळ संपली, हिची सुरू झाली!"

मग धनेशाने चोचीत एक फळ धरलं आणि तो ढोलीकडे उडाला. वटवाघळीण फांदीला लटकून खाऊ लागली. तिच्या तोंडची अर्धी फळं टपाटप खाली पडली आणि डुकराने ती मटकावली.

चांदणी लुकलुकली. राजाच्या अंगावरची साल गळून पडली. करालकाची विद्या जाळीबरोबरच वितळली होती. तो मुकाट्याने सीमेपार चालता झाला.

राजा स्वतःच्या पायांनी चालत वडाखाली आला. डुकराने मागे ठेवलेलं एक फळ त्याने उचललं, फुंकर घालून माती उडवली आणि लेकीच्या शेजारी बसून खाल्लं.