उडालेल्या छपरांचं राज्य

एका राज्यात घरांना भिंती होत्या, दारं होती, दारांना कड्या होत्या, पण छप्पर एकाही घराला नव्हतं. छप्पर चढवावं, तर तिसऱ्या दिवशी ते अंग झाडी, कोपऱ्यांतून फडफडे आणि बगळ्यासारखं उडून पश्चिमेच्या डोंगरावर जाऊन बसे. कौलारू छपरं, गवती छपरं, राजवाड्याचं सोनेरी छप्पर, सगळी तिथे ओळीनं बसलेली दिसत. एका हलवायाचं छप्पर तर जिलब्या तळता तळता उडालं. तो झारा घेऊन वेशीपर्यंत त्याच्यामागे धावला, आणि परत येतो तर कढईभोवती कावळ्यांची पंगत बसलेली. शेजारी पोट धरून हसला. दुसऱ्या दिवशी शेजाऱ्याचं गेलं.

त्या राज्यात छत्र्या विकणारे तेवढे सुखी. बाकी सगळे आभाळाकडे बघत जेवत आणि आभाळाकडे बघत लग्नं लावत.

हे झालं राजा सुकेतनाच्या आजोबांपायी. भर पावसात दाराशी आलेल्या मांत्रिक भृंगनाथाला ते म्हणाले होते, "माझ्या छपराखाली बसायची तुझी योग्यता नाही." मांत्रिक ओलाचिंब उभा होता. तो म्हणाला, "मग छप्परच नको." पुढं सगळ्या दरबारानं पाय धरले, तेव्हा त्यानं उःशाप दिला. ज्यांनी आजवर स्वतः एकही घर आखलं नाही, असे तिघे अनोळखी उमेदवार मिळून एक घर आखतील. ते घर पाणी, वारा आणि भार या तीन परीक्षांना उतरेल, तर शाप फिटेल. नाही उतरलं, तर आखणारे दगडाचे खांब होतील.

तेव्हापासून दर वसंतात स्पर्धा होई. तांब्याच्या घागरीत उमेदवारांच्या नावाच्या चकत्या पडत, आणि राजाची बोलकी साळुंकी चोचीनं तीन उचले. सदतीस वर्षं झाली होती. तळ्याकाठच्या माळावर एकशे अकरा खांब उभे होते.

त्यांतला एक सिदोबा पाथरवट. त्यानं जन्मभर पाटे-वरवंटे आणि विहिरींच्या पायऱ्या घडवल्या, आणि उतारवयात एकदा तरी घर आखावं म्हणून घागरीत नाव टाकलं. त्याला तीन वर्षं झाली. त्याची लेक गोंदा रोज माळावर जाई आणि पदरानं त्याच्या दगडी तोंडावरची धूळ पुसे. त्या वसंतात तिनंही नाव टाकलं.

साळुंकीनं पहिली चकती उचलली. "विद्याधर, राजशिल्पशाळेचा!" ही शाळा वडाखाली भरे. तिथे घर बांधण्याचं सगळं शिकवत, फक्त दाखवायला घर नव्हतं. दुसरी चकती निघाली म्हाळू सुताराची. तिसरी उचलून साळुंकी थबकली. "गोंदा, सिदोबाची. बाई, अजून घरी जायचं तर जा. मी चकती गिळून टाकते."

"गिळू नकोस," गोंदा म्हणाली.

रिवाज असा होता, की प्रत्येकानं आपल्या तंबूत, आपल्या कापडावर, आपला भाग आखायचा. दुसऱ्याचं बघायचं नाही. उमेदवार नक्कल करतील, ही शाळेला धास्ती. पाया आणि खांब गोंदाकडे आले, भिंती आणि कमानी विद्याधराकडे, छप्पर म्हाळूकडे. खोलीची लांबी वीस हात, रुंदी बारा हात, उंची नऊ हात, एवढं तोंडी ठरलं. आठ दिवस तिघं राबले. रेघ मारली की गोंदाला वाटे, हीच चुकली. पुसून पुन्हा मारली की वाटे, पहिलीच बरोबर होती.

नवव्या दिवशी तिन्ही कापडं शिवून भृंगनाथानं तळ्यावर अंथरली. रेघा ओल्या झाल्या, आणि पाण्यातून घर वर आलं. खरं, उंच, दारं उघडी. तिघं आत जाऊन उभे राहिले. बाहेरून राजा सुकेतनानं हात जोडले.

"पहिली परीक्षा पाण्याची," मांत्रिक म्हणाला, आणि ढग वाकवून पाऊस ओतला.

छपराच्या उतारानं पाणी ठीक गेलं. पण भिंतीच्या माथ्यावर, जिथे छप्पर टेकायला हवं, तिथे दोन बोटं फट होती. तिच्यातून एक धार आली आणि विद्याधराच्या पगडीवर पडली. गोंदानं घराच्या पायाला उतार ठेवला होता, म्हणून पाणी साचलं नाही, वाहून गेलं.

"घर वाचलं," मांत्रिक म्हणाला, "पण कोरडं राहिलं नाही." आणि तिघांचे पाय घोट्यापर्यंत दगडाचे झाले.

"ही फट तुझ्या छपराची," विद्याधर म्हाळूवर ओरडला.

"माझं छप्पर नऊ हातांवर आहे. तुमची भिंत खुजी आहे, पंडित. पगडी काढा, म्हणजे आणखी खुजी दिसेल."

"दुसरी परीक्षा वाऱ्याची," मांत्रिक म्हणाला. त्यांना सावरायला वेळ नव्हता. त्यानं फुंकर घातली. वारा नेमका त्या फटीत शिरला. छप्पर करकरलं, कोपऱ्यातून फडफडलं. माळावरचे लोक किंचाळले. तो आवाज सगळ्यांच्या ओळखीचा होता. म्हाळूनं उडी मारून तुळईला मिठी घातली. दगडी पायांच्या वजनानं तो ओळंब्यासारखा लोंबला, आणि छप्पर कसंबसं राहिलं.

"घर वाचलं," मांत्रिक हसला, "पण सुताराच्या वजनावर. तिसऱ्या परीक्षेला सुतार पुरणार नाही." दगड गुडघ्यापर्यंत चढला. "सूर्य बुडताना भार येईल. तोवर काय सुधारायचं ते सुधारा. सदतीस वर्षं ही मुदत मी सगळ्यांनाच दिली आहे, आणि सगळ्यांनी ती भांडणात घालवली आहे."

घर विरलं. पाण्यानं तिघांना आणि कोऱ्या झालेल्या कापडाला काठाला आणून टाकलं, तिथेच ते बसले. उठता येत नव्हतंच. गोंदाच्या मांड्यांना आतून गारवा लागला होता. समोर माळावर तिचा बाप उभा होता. त्याचं तोंड उघडं होतं, कुणाला तरी काहीतरी ठासून सांगत असताना दगड झाल्यासारखं. त्याच्या बाजूचे दोन खांबही तसेच, तोंडं उघडी, बोटं एकमेकांवर रोखलेली. तीन वर्षं रोज धूळ पुसून तिला हे दिसलं नव्हतं. आता दिसलं.

"काठाची ही फळी किती हात?" तिनं एकदम विचारलं. "दोघांनी मोजा. आपापल्या रीतीनं."

म्हाळूनं कोपर टेकलं आणि मधल्या बोटापर्यंत मोजत गेला. "सात हात, वर चार बोटं."

विद्याधरानं झोळीतून चांदीची पट्टी काढली. त्याच्या गुरुजींच्या हाताच्या मापाची होती. "सात हात, वर सहा बोटं."

गोंदानं कमरेची काठी काढली. सिदोबानं आपला हात लावून तोडलेली, त्याच्या मुठीनं गुळगुळीत झालेली. तिच्या मापानं फळी भरली बरोबर सात हात.

एकाच फळीची तीन मापं झाली. बाजारात दोन गावचे कापडवाले भेटले, तर आधी गजाला गज लावून बघतात आणि मग भावाचं बोलतात. पण शिल्पी मंडळी विद्वान. नऊ हात म्हटलं की नऊ हात. कुणाचे, हे विचारणं म्हणजे दुसऱ्याच्या गुरूवर शंका घेणं. एवढा आगाऊपणा सदतीस वर्षांत कुणी केला नव्हता.

"ठीक," विद्याधर म्हणाला, "गुरुजींचं माप घ्या. ते शास्त्रात आहे."

"आणि माझ्या बापजाद्यांचा हात काय वाटेवर पडला होता?" म्हाळू म्हणाला.

गोंदानं काठी छातीशी धरली. बापाचा मऊ, जिता असा एवढाच भाग तिच्यापाशी उरला होता. तिच्या तोंडावर आलंच होतं, की माझा बाप तिघांत जाणता, त्याचंच माप घ्या. ओठ उघडले आणि तिला माळावरचं ते उघडं तोंड दिसलं. तिनं ओठ मिटले.

सूर्य डोंगरापासून दोन पुरुष उंचीवर होता. दगड मांडीला लागला होता.

तिनं कमरेच्या ओळंब्याची दोरी सोडली. म्हाळूचा हात तिच्यावर ठेवून खूण केली. खुणेपासून पुढं चांदीची पट्टी लावली, खूण केली. मग काठी लावली. तिथे दोरी कापली, आणि कापलेल्या दोरीची तीन पदरी घडी घातली.

"हा आपला हात," ती म्हणाली. "ना त्याचा, ना यांचा, ना माझ्या बापाचा. आता सगळं पुन्हा आखायचं."

"मी गुरुजींना काय तोंड दाखवू?" विद्याधर म्हणाला.

"खांब झालात तर तोंड दाखवायला माळावर रोज मोकळेच," म्हाळू म्हणाला. "धरा ते टोक, पंडित."

आणि काठी? काठी समोर असती तर तिचा हात तिच्याकडे वळला असता. गोंदानं ती तळ्यात सोडली. हलकं लाकूड, पण ते बुडालं.

उठता येत नव्हतं, म्हणून कापड तिघांमध्ये फिरत राहिलं. गोंदानं खांब आखून ते विद्याधराच्या मांडीवर सरकवलं, त्यानं खांबाच्या माथ्यावरून कमान ओढली, म्हाळूनं कमानीवर तुळई टेकवली. तुळईला खांब जवळ हवा होता, कापड परत गोंदाकडे आलं. आता दुसऱ्याचं बघितल्याशिवाय रेघच पुढं जात नव्हती. विद्याधराच्या बोटांत दगड उतरला, तेव्हा म्हाळूनं त्याचा हात धरून शेवटची कमान पुरी केली. गोंदाला श्वास घेताना बरगड्या जड लागत होत्या. चुकली असेल, तिला वाटत होतं, कुठेतरी एक रेघ नक्की चुकली असेल.

सूर्य डोंगराला टेकला, तसं कापड पुन्हा पाण्यावर अंथरलं गेलं. राजा सुकेतनानं स्वतः तिघांना एकेक करून हातांवर उचलून पुन्हा उभ्या राहिलेल्या घरात नेलं. मांत्रिक म्हणाला, "राजा, बाहेर ये. पडेल."

"आजोबांनी आपल्याला आत घेतलं नाही," राजा म्हणाला, "मी बाहेर येत नाही. आपण आत या."

भृंगनाथानं पश्चिमेकडे टाळी वाजवली.

डोंगरावरची सगळी छपरं उठली. आभाळ काळं झालं. गवती, कौलारू, हलवायाचं तेलकट, राजाचं सोनेरी, एकामागून एक त्या एका घरावर येऊन बसू लागली. पहिल्याला तुळई कण्हली. शंभराव्याला कमानीतून बारीक माती झरली. गोंदानं डोळे मिटले. पापण्या तेवढ्या अजून तिच्या होत्या. सोनेरी छप्पर सगळ्यांत वर बसलं. घर एक बोटभर खाली दबलं.

आणि थांबलं.

फट कुठेच नव्हती. भार तुळईवरून कमानीत, कमानीतून खांबात, खांबातून तळ्याखालच्या जमिनीत उतरला आणि जमिनीनं तो घेतला.

मांत्रिक दारातून आत आला. वर बघत मधोमध बसला. "कोरडं आहे," तो म्हणाला, आणि त्याचा चेहरा एखाद्या थकलेल्या म्हाताऱ्यासारखा झाला. त्याच घटकेला छपरं उडाली आणि आपापल्या भिंतींवर जाऊन बसली. काही शेजाऱ्याच्या घरावर बसली, त्यावरून पुढं बरेच दिवस तंटे चालले. पण छपराखाली बसून तंटा करण्याचं सुख त्या लोकांना नवीनच होतं.

तिघांच्या अंगातला दगड उतरला, तिघं दारात आले, आणि माळावर एकशे अकरा माणसं एकदम बोलू लागली. आपापलं भांडण त्यांनी जिथे सोडलं होतं तिथूनच उचललं. त्या गलक्यातून सिदोबा पाय ओढत तळ्याशी आला. लेकीकडे बघितलं, घराकडे बघितलं.

"कुणी आखलं हे?"

"आम्ही तिघांनी, बाबा."

"हं." त्यानं भिंतीला कोपर लावलं, बोटं पसरली आणि कपाळाला आठी घातली. "गोंदे, हे काही मापात बसत नाही."

गोंदानं त्याचा हात भिंतीवरून सोडवला. हात मऊ होता, उबदार होता. "नसू दे," ती म्हणाली. "आत चला. तुम्ही तीन वर्षं उन्हात उभे आहात."

सिदोबा वाकून आत गेला. त्या राज्यात त्या दिवसापासून छपरं जिथल्या तिथे आहेत, आणि जे तिथे राहतात ते सुखानं झोपतात. तुमच्या डोक्यावरचंही असंच टिको.