बंद खिडक्यांचा ठसका

खाडीकाठच्या एका गावात शाळेला लागूनच रसायनांचा कारखाना होता. तिथे वायू गळला, की मुलं वर्गात गुदमरायची. म्हणून मुख्याध्यापिका इंदुमती गव्हाणकर यांनी वर्गांच्या फटी बुजवून हवा गाळणारी यंत्रं बसवण्याची मागणी केली. पाहणीसाठी जिल्हा परिषदेचे अभियंता रणपिसे उन्हाळ्याच्या सुटीत शाळेत आले, पण त्यांनी वर्गात पाऊलही टाकलं नाही. ऑफिसातल्या खुर्चीत रेलून ते म्हणाले, "बाई, एवढा खर्च कशाला? खिडक्या लावून घ्यायच्या. बाहेरची हवा आत येतेच कशी?"

"बरं," म्हणत बाईंनी सगळ्या खिडक्या लावल्या, दार ओढून घेतलं.

थोड्याच वेळात रणपिसे असे खोकू लागले, की हातातला चहा शर्टावर सांडला. डोळ्यांतून धारा लागल्या.

"अहो, हा ठसका कसला?"

"बाहेर व्हरांड्यात शाळेच्या मावशी सुक्या मिरच्या भाजताहेत," तोंडाला पदर लावत बाई म्हणाल्या.

"मग आधी खिडक्या उघडा!"

"नको साहेब," बाई शांतपणे म्हणाल्या, "उघडल्या तर ठसका आत येईल."

रणपिशांनी खोकत खोकतच मंजुरीची सही केली. सुटी संपून शाळा भरायच्या आत फटी बुजल्या होत्या, यंत्रंही बसली होती.