ओंबीचं चित्र

“मग इतके दिवस मी तुम्हाला काय खाऊ घातलं, भन्ते?”

भन्ते खेमानंद विहाराच्या ओसरीवर भिंतीला पाठ लावून बसले होते. 

सुमेधनं पुन्हा विचारलं. आवाज चढला होता, आणि गुरूसमोर आवाज चढला याचं भानही त्याला नव्हतं. समोर फरशीवर पावाची पाकिटं पडली होती. सकाळी उठल्याबरोबर त्यानं विहाराची फळी रिकामी केली होती आणि एकेक पाकीट उलटं करून मागचं वाचत बसला होता.

“मैदा. हाही मैदा. ह्याच्यावर ‘गव्हाचं पीठ’ लिहिलंय, म्हणजे मैदाच. मैदाही गव्हाचाच असतो ना! आणि हा पाहा, अनेक धान्यांचा म्हणे. धान्यं कुठे आहेत? शेवटी. मिठाच्याही खाली!”

“आणि रंग?” भन्तेंनी विचारलं.

“जाळलेल्या साखरेचा.”

“हं…”

सुमेध काही अडाणी नव्हता. चीवर घेण्याआधी कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायचा, आणि ते कोणी विसरू नये याची काळजीही घ्यायचा. भन्तेंची साखर वाढली, भात बंद झाला. भाकरी चावायला तोंडात दात उरले नव्हते. तेव्हा पावाचा तोडगा यानंच काढला. भिक्षू स्वतःसाठी हे आणा, ते आणा म्हणत नाही. पात्रात पडेल ते खातो. पण सेवेतल्या श्रामणेरानं, शिकाऊ भिक्षूनं, लोकांच्या कानावर घातलं तर चालतं. सुमेधनं रविवारच्या वंदनेनंतर उभं राहून बजावलं होतं, “भन्तेंना पांढरा पाव देऊ नका. ब्राउन आणा, अख्ख्या गव्हाचा.”

झालं. सगळ्या वस्तीनं मनावर घेतलं. कोणी तालुक्याहून आणी, कोणी भंडाऱ्याहून मागवी. आलेलं प्रत्येक पाकीट सुमेध हातात घेई, वरची ओंबी पाही, ठळक अक्षरं पाही आणि खूश होऊन मान डोलावी. बिचारी माणसं त्या मानेकडे डोळे लावून उभी असत.

काल भन्तेंना डोळ्यांच्या दवाखान्यात नेलं. उजवा डोळा आधीच गेला होता. डॉक्टरनं डाव्यात बत्ती मारून पाहिलं आणि जेवणाची चौकशी केली. सुमेधनं झोळीतलं पाकीट मोठ्या ऐटीत पुढे केलं. डॉक्टरनं ते नुसतं उलटं केलं आणि परत त्याच्या हातात दिलं. नुसत्या पावानं असं होत नाही, दुखणं जुनं आहे, असंही तो म्हणाला. पण रोज दोन वेळा मैदा म्हणजे आगीत तेल. आता फारसं काही हातात नाही.

तेव्हापासून सुमेधच्या पायाखाली जमीन राहिली नव्हती.

“पाकिटावर ज्याचं वजन जास्त, त्याचं नाव आधी लिहितात,” तो म्हणाला. “हे मी पोरांना फळ्यावर लिहून शिकवलंय, भन्ते! आणि मीच कधी पाकीट उलटं केलं नाही…”

तो फरशीवर हात टेकून रडायला लागला. चांगला पन्नाशीचा माणूस, पण रडला.

भन्ते थांबले. रडू नको असंही म्हणाले नाहीत.

तेवढ्यात फाटकाची कडी वाजली. पारबताबाई लांजेवार आली. चार घरं सोडून राहणारी म्हातारी. कापणीच्या कामातच तिचा जन्म गेला. आता गुडघे धरले होते, पण दानाचा दिवस कधी चुकवला नव्हता. पदराआड पावाचं पाकीट होतं.

“आनला जी, भन्तेजी. नातवाले बजावून ठेवलं होतं, ओंबी हाये का पाहूनच घेजो. पांढरा नोको आनू. तुमच्या डोयाले तरास होते, बाप्पा!”

सुमेधनं पाकीट पाहिलं. मघाशी पहिलंच उलटं केलेलं, त्याच छापाचं. 

“पारबताबाई, थांबा. हा पाव…”

भन्तेंनी पात्र पुढे केलं.

म्हातारीनं दोन्ही हातांनी पाकीट फोडलं आणि पात्रात पाव ठेवला. एक तुकडा भन्तेंनी तिच्यादेखत शेजारच्या वाटीतल्या वरणात बुडवला आणि खाल्ला. तिनं बसून हात जोडले, तीन वेळा “साधू” म्हटलं, गुडघ्यांना हात देत उठली आणि भरल्या डोळ्यांनी निघून गेली. सुमेध तिच्या पाठीकडे बघत राहिला. फाटक लागल्याबरोबर तो उसळला.

“तुम्ही जाणूनबुजून खाल्लंत!”

“हो.”

“आधीही माहीत होतं?”

“हो.”

“कधीपासून?”

“पहिल्या घासापासून.”

 भन्तेंनी पात्र चाचपलं, एक तुकडा उचलला, मुठीत धरून दाबला. मूठ उघडली तेव्हा तळहातावर बोराएवढी गोळी होती. ती त्यांनी सुमेधच्या हातावर ठेवली.

“ह्यात कोंडा कुठे लागतो का, बघ.”

गोळी चिकट होती, खिरापतीच्या पेढ्यासारखी मऊ. सुमेधनं ती मुठीत मिटूनही घेतली नाही आणि टाकूनही दिली नाही.

“मग बोलला का नाहीत? आजारी भिक्षूला मागायची मोकळीक आहे. भिक्षूंच्या नियमांतच, विनयपिटकात आहे! एकदा म्हणायचं होतं, सुमेध, हे नको!”

“मग काय मागायचं होतं?”

“खरा. अख्ख्या गव्हाचा.”

“तू तोच सांगितला होतास. लोकांनी तोच मागितला. दुकानदारानं तोच दिला…” भन्ते म्हणाले. “नाव हेच होतं ना त्याचं?”

 ओसरीवर ऊन चढत होतं. समोरच्या चिंचेखाली कोंबड्या उकरत होत्या आणि कुठे तरी पिठाची गिरणी चालू होती.

“येत्या रविवारी सगळ्यांना सांगतो,” शेवटी सुमेध म्हणाला. “उभा राहून सांगतो. पुढचं बघू नका. मागे, बारीक अक्षरांत पहिलं नाव वाचा. अख्ख्या गव्हाचं पीठ पहिलं नसेल, तर हात लावू नका. नुसतं ‘गव्हाचं’ असेल, तरी नको. किती टक्के आहे तेही बघा.”

“पारबताबाईलाही सांगशील?”

“सगळ्यांना.”

“ती काय वाचते?”

सुमेधनं फाटकाकडे पाहिलं.

“ती ओंबी वाचते,” भन्ते म्हणाले. “जन्मभर कापली तिनं. ओंबीचं चित्र खोटं असू शकतं, हे तिला कोणी सांगायचं? तू?”

“मग काय करायचं, भन्ते? मुकाट्यानं खात राहायचं? तिच्या हातानं, माझ्या हातानं, तुमचा हाही डोळा…” सुमेध म्हणाला. “मला काहीच सुचत नाही हो. शिकलेला मी फसलो, न शिकलेली ती फसली. तुम्ही ओळखलंत आणि तुम्हीही तेच खाल्लंत. मग सुटला कोण?”

“कोणी नाही.”

इतक्या सरळ उत्तराची त्याला अपेक्षा नव्हती. गुरूनं काही तरी धीर द्यावा, निदान पाठीवरून हात फिरवावा, असं त्याला फार वाटत होतं. हात काही फिरला नाही.

मग सुमेध उठला, आत गेला आणि झोळी घेऊन आला. काल डॉक्टरकडून निघाल्यावर त्यानं भन्तेंना जीपमध्ये बसवलं होतं आणि सोबतच्या उपासकाला घेऊन सारा बाजार पालथा घातला होता. दुकानदार वैतागले, हसले. एक तर म्हणाला, महाराज, पाव घ्यायचाय की परीक्षा? दिवेलागणीला एका गल्लीतल्या भट्टीवर एक पाव मिळाला. वर चित्र नाही, रंगीत अक्षरं नाहीत. मागे चारच नावं. अख्ख्या गव्हाचं पीठ, पाणी, यीस्ट, मीठ. उपासकानं तो विकत घेऊन झोळीत घातला होता. रंगानं तो फिका होता, त्या खोट्या पावांच्या निम्म्यानंही तपकिरी नव्हता. पाहिला तर कोणी उचलला नसता.

“हा खरा आहे,” सुमेध म्हणाला. आवाजात पुन्हा थोडा मास्तर आला होता. “मी नीट पाहिलंय. भट्टीत जाऊन पीठसुद्धा पाहिलं. ह्याच्यावर माझा शब्द.”

त्यानं एक जाड काप कापला आणि रीतीप्रमाणे दोन्ही हातांनी भन्तेंच्या हातात दिला.

भन्तेंनी तो तोलून पाहिला. मुठीत दाबला. गोळी झाली नाही. काठाचे चुरे पडले, मधला भाग तसाच राहिला. त्यांनी तो नाकाशी धरला आणि बराच वेळ धरून ठेवला. त्यांचा चेहरा एकदम मऊ झाला. सुमेधला वाटलं, जमलं. उशिरा का होईना, जमलं बाबा एकदाचं.

भन्तेंनी घास तोंडात घातला.

हिरड्या हलल्या. थांबल्या. पुन्हा हलल्या. गालाची हाडं वर आली, डोळ्यांतून पाणी आलं. बराच वेळ ते त्या घासाशी झगडत राहिले. मग त्यांनी तो तळहातावर काढला. जसा गेला होता, तसाच बाहेर आला होता.

सुमेधला तो तळहात बघवेना.

“भिजवून देतो, भन्ते. वरणात. अगदी लोण्यासारखा होईल.”

“होईल.”

“उद्यापासून तसाच देत जाईन.”

“दे…” भन्ते म्हणाले. “पण भिजला की दोन्ही सारखेच लागतात, सुमेध.”

सुमेध मटकन खाली बसला. मऊ म्हणून पाव निवडला होता, आणि खरा मऊ नव्हता. एवढी साधी गोष्ट. रोज समोर बसून त्यानं भन्तेंना तो पाव हां हां म्हणता खाताना पाहिलं होतं. ज्याच्या तोंडात एक दात नाही, त्याचं जेवण इतक्या झटक्यात कसं उरकतं, असं एकदाही त्याच्या मनात आलं नाही. उलट त्याला बरं वाटायचं. आज त्या बरं वाटण्याचीच त्याला शिसारी आली.

“तुम्ही मला दूर करा,” तो म्हणाला. “दुसऱ्या कोणाला ठेवा सेवेला. माझ्या हातून नको आता.”

भन्तेंनी मान वर केली. डावा डोळा त्याच्या दिशेनं वळला, पण नेमका त्याच्यावर आला नाही. त्याच्या खांद्यापलीकडे कुठे तरी थांबला. काल सकाळपर्यंत तो चेहऱ्यावर येत होता. सुमेधच्या ते ध्यानात आलं आणि त्यानं तोंडावर हात दाबला.

“ऊन किती वर आलं?” भन्तेंनी विचारलं.

“बाराला थोडाच वेळ आहे.”

“तू जेवला नाहीस. बारानंतर आपल्याला चालत नाही.”

“घशाखाली उतरणार नाही, भन्ते.”

“अजून वेळ आहे म्हणालास ना…”

भन्तेंनी हाताशीच ठेवलेला तो झोळीतला पाव चाचपडत उचलला. दोन्ही हातांनी मोडला, आणि मोठा तुकडा पुढे धरला. सुमेध जिथे होता, तिथून तो हात जरा बाजूलाच होता. सुमेध सरकून त्या हातापाशी गेला. तुकडा घेतला. तोंडात घातला आणि तसाच बसून राहिला, गालात घास धरून, डोळ्यांतलं पाणी ओठांवर येत असताना.

भन्तेंनी कान त्याच्याकडे केला.

“चाव,” ते म्हणाले. “मला ऐकू दे.”