निळीचे तीन रांजण

ज्या काळी राजाच्या निशाणापासून तान्ह्या बाळाच्या टोपड्यापर्यंत सगळे रंग झाडापानांतूनच यायचे, त्या काळची ही गोष्ट. लहानांनी ऐकावी आणि मोठ्यांनी तर जरूर ऐकावी, कारण या गोष्टीतली चूक मोठेच जास्त करतात.

एका राज्यात, नदीच्या वळणावर, रंगाऱ्यांचं एक गाव होतं. तिथे निळीचं काम शिकवणाऱ्या एक म्हाताऱ्या बाई राहत. जन्मभर निळीत हात घालून त्यांचे हात कोपरापर्यंत निळे झाले होते. त्यांचं खरं नाव कुणालाच आठवत नव्हतं. सगळे त्यांना निळाक्का म्हणत.

निळाक्कांकडे तीन वर्षं शिकायचं आणि शेवटी परीक्षा द्यायची, असा नियम होता. परीक्षेत प्रत्येकाला पाण्याने भरलेला एक रांजण मिळे. त्यात निळीच्या वड्या, गूळ आणि चुना घालायचा. नीळ आणि गूळ मोजून दिलेले असत. चुना किती घालायचा, ते मात्र ज्याचं त्याने ठरवायचं. मग रांजणाचं तोंड झाकून ओल्या मातीने लिंपायचं आणि त्या मातीवर आपला अंगठा उमटवायचा. चौथ्या दिवशी निळाक्का स्वतः झाकण काढत आणि पांढरं कापड आत बुडवत.

मुरत असलेल्या निळीला वारा मुळीच खपत नाही. मध्येच झाकण उघडलं की सगळी मेहनत वाया. हे निळाक्कांनी पहिल्याच दिवशी शिकवलं होतं. पण पहिल्या दिवशी शिकवलेलं शेवटच्या दिवशी कुणाला आठवतं?

त्या खेपेला परीक्षेला तिघे बसले होते. रायबा हुशार होता, आणि आपण हुशार आहोत हे त्याने तीन वर्षांत कुणालाही विसरू दिलं नव्हतं. कान्हू कष्टाळू होता, पण रायबा शिंकला तरी कान्हू "बरोबर आहे" म्हणायचा. तिसरी होती सगुणा.

सगुणा दूरच्या गावची. तिचे वडील त्या गावचे एकुलते एक रंगारी. ते गेले आणि त्यांचा रांजण अंगणात पालथा पडून राहिला. तिच्या आईची नजर दिवसेंदिवस मंदावत होती. लेकीला निरोप देताना ती म्हणाली होती, "पोरी, डोळ्यांत उजेड आहे तोवर आपल्या रांजणातला निळा रंग मला एकदा दाखव गं." नापास झालं तर पुन्हा तीन वर्षं थांबावं लागणार होतं. तोवर आईला निळं काय आणि काळं काय, सारखंच दिसलं असतं.

परीक्षेच्या सकाळी तिघांनी शिकवल्याप्रमाणे आधी आपापल्या रांजणातलं पाणी चाखलं. मग विचार करून चुना घातला, रांजण लिंपले आणि अंगठे उमटवले. सगुणा हात धुऊन बाहेर आली तेव्हा तिला आतून वाटत होतं, जमलं! असं वाटणं फार सुखाचं असतं. ते सुख घेऊन तिने सरळ घरी जायला हवं होतं.

पण तिघे अंगणातल्या चिंचेखाली बसले. परीक्षा देऊन गप्प बसणारा विद्यार्थी देवाने अजून घडवायचा आहे.

"किती घातलास चुना?" कान्हूने हळूच विचारलं.

"तीन करवंट्या," रायबा म्हणाला. "दुसरं काय उत्तर असणार?"

कान्हूचा चेहरा पडला. "मी तर दोनच घातल्या रे!"

"दोन? मग नीळ मुरायचीच नाही. आणि तू गं, सगुणा?"

"एक," ती म्हणाली.

रायबा पोट धरधरून हसला. "एक करवंटी? अगं, रांजणात घातलीस की पानाला लावलीस?"

झालं! त्या दिवसापासून दोघांच्या तोंडची चव गेली. कान्हू बोटांवर करवंट्या मोजत बसे. सगुणा ताटावर बसे आणि तशीच उठे. रायबा मात्र येणाऱ्या-जाणाऱ्याला तीन करवंट्यांचं महत्त्व समजावून सांगत होता.

दुसऱ्या दुपारी निळाक्का जरा आडव्या झाल्या. ती संधी साधून कान्हूने आपल्या रांजणाची माती फोडली, झाकण काढलं आणि आणखी एक करवंटी चुना आत ओतला. पुन्हा माती लिंपली, पुन्हा अंगठा उमटवला. मग धापा टाकत सगुणाकडे आला.

"मी झालो मोकळा. आता तूही दोन करवंट्या घालून ये. नवी माती, नवा अंगठा. कुणाला कळतंय?"

सगुणाने ती रात्र कशीबशी काढली. तिसऱ्या दुपारी चुन्याच्या दोन करवंट्या घेऊन ती रांजणापाशी गेली. माती फोडायला हात उचलला, आणि सवयीने तिने आधी रांजणाला कान लावला. आतून अगदी बारीक आवाज येत होता. बुड... बुड... बुड. नीळ मुरत होती.

सगुणा तिथेच खाली बसली. तिला परीक्षेची सकाळ आठवली. पाणी जिभेवर घेताच ते मचूळ लागलं होतं. मचूळ पाण्यात मुळातच खार असतो, त्याला चुना थोडाच पुरतो, हे तिने कुणाला न विचारता ओळखलं होतं. त्या भरवशावरच तिने एक करवंटी घातली होती.

"हे पाणी मी चाखलंय," ती स्वतःशीच म्हणाली. "रायबाने नाही चाखलेलं. मग त्याच्या सांगण्यावरून मी माझा रांजण कशाला फोडू?"

तिने दोन्ही करवंट्या चुन्याच्या ढिगावर परत ओतल्या आणि चिंचेखाली येऊन भाकरीचं फडकं सोडलं. तीन दिवसांची भूक होती. तिने मिरचीच्या ठेच्याबरोबर दोन भाकऱ्या संपवल्या.

रायबा बघतच राहिला. "घातलास चुना?"

"नाही."

"आणि आता काय करणार?"

"तिसरी भाकरी खाणार," सगुणा म्हणाली.

आता रायबा विचारात पडला. एका करवंटीवर ही इतकी निवांत? हिला नक्की काहीतरी ठाऊक आहे. म्हणजे आपलाच चुना जास्त झाला की काय? ज्याच्या तीन करवंट्यांनी दोघांची झोप उडवली होती, तोच आता उठला. कुणी नाही असं बघून त्याने आपला रांजण उघडला, निम्मी नीळ मोरीत ओतली, वरून साधं पाणी भरलं आणि पुन्हा माती लिंपून अंगठा उमटवला.

चौथा दिवस उजाडला. निळाक्का पांढऱ्या कापडाचे तीन तुकडे घेऊन आल्या.

कान्हूच्या रांजणातून कापड निघालं ते राखेसारखं. धुतलं तर तेवढाही रंग राहिला नाही. रायबाच्या रांजणातून निघालेलं कापड ओल्या चिखलासारखं दिसत होतं. रायबाने मान खाली घातली.

मग सगुणाचा रांजण उघडला. निळाक्कांनी कापड बुडवलं, पिळलं आणि वर धरलं. ते पिवळट हिरवं होतं. कान्हूने डोळे मिटले. पण कापडाला वारा लागला आणि सगळ्यांच्या देखत हिरव्याचं निळं होत गेलं. पाऊस उघडल्यावरचं आभाळ असतं तसं निळं. सगुणा ओक्साबोक्शी रडली आणि रडतारडताच हसली.

"पण अक्का," रायबा म्हणाला, "तिने एकच करवंटी घातली होती!"

"ठाऊक आहे मला. मी खिडकीतून तिघांच्या करवंट्या मोजत होते," निळाक्का म्हणाल्या. "तुझ्या रांजणात मी नदीचं पाणी भरलं होतं. त्याला तीन करवंट्या लागतात. कान्हूच्या रांजणात गावविहिरीचं पाणी, त्याला दोन. सगुणाच्या रांजणात खाऱ्या जमिनीतल्या विहिरीचं मचूळ पाणी, त्याला एक. माती लिंपलीत तेव्हा तिघांचंही उत्तर बरोबर होतं."

रायबाने तिन्ही रांजणांत डोकावून पाहिलं.

"चुना किती घातलास, हे तुम्ही एकमेकांना विचारलंत," निळाक्का म्हणाल्या. "पाणी कसं होतं, हे कुणी विचारलं का? आणि अंगठ्यांचं म्हणाल, तर तीन दिवसांची माती वाळून तडकते. तुमची दोघांची अजून ओली आहे. पास होणाऱ्याच्या खांद्यावर घालायला आज मी तीन निळे पंचे आणले होते. आता दोन परत न्यावे लागणार."

कान्हू आणि रायबा आणखी तीन वर्षं थांबले. पुढे दोघेही चांगले रंगारी झाले, आणि रायबा तर थोडा कमी बोलणाराही झाला.

सगुणा गावी परतली. तिने वडिलांचा रांजण सुलटा केला, घासला, आधी पाणी चाखलं आणि मगच चुना घातला. चौथ्या दिवशी तिने ओलं कापड आईच्या डोळ्यांपाशी धरलं.

"हिरवंच दिसतंय गं," आई म्हणाली.

"जरा थांब, आई."

आई थांबली. मग तिने कापड दोन्ही हातांनी ओढून गालाला लावलं. "झालं गं निळं! तुझ्या बाबांचं होतं तस्संच!"

मुलांनो, नीट विचार करून दिलेलं आपलं उत्तर दुसऱ्याचं उत्तर वेगळं आहे एवढ्याचसाठी कधी मोडू नये.