अंगठ्याची मुद्रा

“देह मिथ्या आहे ना बाबा? मग बॅटरी कशाला बदलायची होती?”

सारंगने हे विचारलं तेव्हा सुकदेवनाथ महाराज अमरावतीच्या एका दवाखान्यात उताणे पडलेले होते. उजवा हात पलंगाच्या दांडीला पट्टीने बांधलेला. जांघेतून एक वायर आत काळजापर्यंत गेलेली, तिचं दुसरं टोक पलंगाला टांगलेल्या पेटीत. पेटीवर दिवा लुकलुकत होता. दिवा थांबला की बाबा थांबणार.

महाराज काही बोलले नाहीत...

जन्मभर बोलत आलेला माणूस गप्प बसला की भक्त त्याला समाधी म्हणतात. सारंगही म्हणायचा. इंजिनिअरिंग अर्ध्यात टाकून तो भिलोरीच्या मठात आला होता, ते या माणसाचं एक वाक्य ऐकून. ‘धरलेलं सोड.’ त्याने सोडलं. कॉलेज सोडलं, घर सोडलं. आईचा फोन उचलणंसुद्धा सोडलं.

आणि आता बाबाच एका पेटीला धरून पडले होते.

डाव्या खांद्याच्या हाडाखाली, कातडीच्या आत, बाबांच्या पेसमेकरची डबी होती. काळजाला ठोका तीच द्यायची. बॅटरी संपत आली म्हणून काल डबी बदलायला घेतली. साधं काम. पण डॉक्टर तायडेबाईंनी चीर दिली, आत पाहिलं आणि त्यांचा हात थांबला.

सकाळी त्यांनी सारंगला बाहेर बोलावून सांगितलं होतं.

“दोन्ही वायरी दोरीसारख्या पिळल्यात. एक तर जागची सुटून वर आलीय. दुसरीचं आवरण फाटलेलं. डबीतून सोडवायला गेलो तर तुटलीच, आणि ठोका गेला. कशीबशी ही बाहेरची वायर घातली.”

“मग तुटलेली काढून टाका.”

“वर्षानुवर्षं आत आहे ती. काळजाला चिकटलीय. ओढली तर काळीज फाटेल. ती राहू द्यायची तशीच. उद्या उजव्या बाजूने नवी घालून बघू. या वयात... मी शब्द देत नाही.”

मग त्या जरा थांबल्या.

“एक विचारू? हे डबी फिरवायचे का? बोटाने, कातडीवरून?”

सारंगने सदऱ्याचं वरचं बटण लावलं.

प्रवचन रंगात आलं की बाबांचा उजवा हात शालीखाली जायचा. डाव्या खांद्याच्या हाडाखाली अंगठा टेकायचा आणि गोल गोल फिरायचा. सावकाश. डोळे मिटलेले. भक्त बघायचे. आधी एकाने तसं केलं, मग सगळ्यांनी. गुल्हाने सर म्हणून एक रिटायर्ड हेडमास्तर मठात मुक्काम ठोकून आहेत. त्यांनी त्या अंगठा फिरवण्याला नाव दिलं, हृदयमुद्रा. पुस्तिका छापली. फायदे ब्लडप्रेशरपासून मोक्षापर्यंत. आयुष्यभर पोरांना ‘का’ विचारल्याबद्दल छड्या मारल्या, म्हातारपणी स्वतःलाही ‘का’ विचारलं नाही.

सारंगच्या छातीवर त्या जागी घट्टा पडला होता.

तो स्टूल ओढून पलंगाजवळ बसला.

“ती मुद्रा नव्हती ना?”

बाबांनी डोळे मिटले.

“खाजवे रे बाप्पा.”

“काय?”

“डबी बसवली तवापासून. अंगठा आपोआप जाये. डबी आतल्या आत फिरे... बरं वाटे.”



“आणि आम्ही सगळे करत होतो ते?”

“दिसे मले.”

“मग सांगितलं काहून नाही?”

“पहिल्यांदा हसू आलं. मग म्हटलं, उद्या सांगू. उद्या गुल्हाने सर पुस्तिका घेऊन आले. डोळ्यात पाणी होतं त्यांच्या.”

“म्हणून?”

“म्हणून.”

खिडकीखाली आवारात नामस्मरण चालू होतं. अख्खा मठ आला होता बाबांना आराम पडावा म्हणून. कडुनिंबाखाली सतरंज्या टाकलेल्या, सगळ्यांचे डोळे मिटलेले, सगळ्यांचे अंगठे गोल गोल. लकवा मारलेल्या एका म्हाताऱ्याचा अंगठा त्याची सून धरून फिरवून देत होती.

“उद्या टेबलावर जायच्या आधी यांना सांगा,” सारंग म्हणाला. “खाज होती म्हणून सांगा. एवढं एक खरं बोला. नाहीतर तुम्ही मेल्यावर हे लोक समाधीवर अंगठा कोरतील.”

“हाव. कोरतील.”

“मग?”

“तू सांग.”

“मी? मारतील मला. पहिला जोडा गुल्हाने सर काढतील.”

“मलेही तेच भेव होतं.”

सारंगच्या तोंडात शिवी आली. त्याने ती गिळली नाही, फक्त जरा बरी करून दिली.

“त्या जुन्या वायरीसारखे आहात तुम्ही. तुटलेले. आणि ओढून काढावं तर आमचंच काळीज फाटणार.”

बाबांनी मान हलवली. नाही म्हणून नव्हे.

पेटीवरचा दिवा लुकलुकत होता...

“हात सोड माहा.”

“कशाला? परत फिरवायला? डबी काढली बाबा. तिथं आता काही नाही.”

“सोड तं.”

सारंगने पट्टी सोडली. खाजवू दे मेल्याला, असं त्याच्या मनात आलं. उद्याचं कुणाला माहीत. साप कुठे जातो ते बघावं तसा तो त्या हाताकडे बघत बसला.

हात छातीकडे गेला नाही. दांडीवरून बाहेर आला, सारंगच्या सदऱ्यापाशी थांबला आणि त्याने सारंगचा अंगठा धरला.

तेव्हा कुठे सारंगला कळलं की आपला अंगठा खांद्याच्या हाडाखाली आहे, घट्ट्यावर आहे, आणि फिरतोय. केव्हापासून, ते त्याला आठवेना.

पकडीत जोर नव्हता. अंगठा सोडवून घेता आला असता. त्याने सोडवला नाही.

खाली नामाचा आवाज चढला...

“माह्या कातडीखाली डबी होती,” बाबा म्हणाले. “तुह्या काय आहे रे?”